पाटी नसलेली बंदी

नागपुरातले एक निवृत्त गिरणी कामगार मला म्हणाले, ‘मुंबईच्या गिरणीत आजोबांना विणकाम खात्यात घेतलं नाही. तशी पाटीच होती.’ पाटीचा पुरावा मला सापडला नाही, बंदीचा सापडला. कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या भीतीने स्पृश्य कामगार त्या जास्त मजुरीच्या खात्यात अस्पृश्यांना येऊ देत नसत. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा आग्रह धरला. १९३८ साली मनमाडच्या परिषदेतही ती मांडली.

असाच वाद अमेरिकेत झाला. ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ या पाट्या रिचर्ड जेन्सन या इतिहासकाराने २००२ साली दंतकथा ठरवल्या. २०१५ साली रेबेका फ्रीड या शाळकरी मुलीने जुन्या वृत्तपत्रांतून तशा जाहिराती शोधून दाखवल्या.

आठवणीतला तपशील चुकला, म्हणून अन्याय खोटा ठरत नाही. रूढीला पाटी लागत नाही. तिचा पुरावा मागण्यांच्या यादीत शोधावा लागतो.