रिकामी लिफ्ट वर जाताना का थांबते?

आठ माणसांची लिफ्ट भरलेली असताना बिनतक्रार वर जाते, पण रिकामी वर जाताना मध्येच बंद पडते. हे उलटे कसे?

उत्तर प्रतिभारात आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रतिभाराचे वजन साधारणपणे पेटी अधिक निम्मी माणसे इतके असते. आठ माणसांचे वस्तुमान ५४४ किलोग्रॅम धरतात. म्हणजे रिकाम्या पेटीपेक्षा प्रतिभार २७२ किलोग्रॅमने जड. तो खाली येताना पेटीला वर ओढतो आणि मोटर जनित्र बनते. वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर २७२ × ९.८ × १, म्हणजे सुमारे २६६६ वॉट शक्ती मिळते. घर्षणात थोडी जाते, उरलेली वीज होऊन परतते.

अशा लिफ्टमध्ये मोटरचा वेग वारंवारता बदलून ठरवतात. नियंत्रक ४१५ व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबापासून सुमारे ५८७ व्होल्टचा एकदिश दाब करतो व त्यातून हव्या त्या वारंवारतेचा प्रवाह घडवतो. साध्या नियंत्रकातून वीज मागे जाऊ शकत नाही. ती धारित्रात साठते, दाब चढतो आणि नियंत्रक स्वतःला वाचवण्यासाठी मोटर बंद करतो. म्हणून तेथे एक रोध जोडतात. जादा वीज त्यात उष्णता होऊन जाते. त्याची तार तुटली, की वरील दोष दिसतो.

थांबण्याचा काळ वाढवला तर? गतिज ऊर्जा सावकाश परतेल, पण स्थितिज ऊर्जा येतच राहील. तेव्हा वीज तोडून, धारित्र रिकामे झाल्यावर, तंत्रज्ञाने आधी रोधच तपासावा.

मग भरलेली लिफ्ट केव्हा बंद पडेल? विद्यार्थी मित्रहो, सांगा पाहू!