चाळीसपैकी चाळीस

बसा रे सगळे. आज बंदुकीची गोष्ट. वाघाच्या शिकारीची वाट बघत असाल तर निराश व्हाल, आधीच सांगतो. या गोष्टीतल्या गोळ्यांनी फक्त पाटीला भोकं पाडली. पण ती पाडताना माणसाच्या डोळ्याने, छातीने आणि पृथ्वीने मिळून जी गंमत केली, ती ऐका.

त्या गोळ्या झाडणाऱ्या पोराचं नाव पान्तेलिस कारासेव्दास. जन्म ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आस्ताकोस या छोट्या बंदरगावातला. 1896 साली तो अथेन्समध्ये विद्यार्थी होता, वय विशीच्या आसपास. म्हणजे तुमच्या दादाएवढाच की! त्या वर्षी अथेन्सला नव्या युगातलं पहिलं ऑलिंपिक भरलं. नेमबाजी शहराजवळच्या कॅलिथियाला होती. मैदानाचं उद्घाटन ओल्गा राणीने केलं, तेही फुलांनी सजवलेल्या बंदुकीतून पहिला बार काढून. बंदुकीला फुलं! राजेरजवाड्यांचे थाट, दुसरं काय.

मग खरी स्पर्धा सुरू झाली. लष्करी रायफल, दोनशे मीटर अंतर आणि प्रत्येकाला चाळीस गोळ्या, दहा-दहाच्या चार फेऱ्यांत. गुण मोजायची रीत मात्र भलती कडक. दहा गोळ्यांचे जे गुण होतील, त्यांना लागलेल्या गोळ्यांच्या संख्येने गुणायचं. समजा दहाही लागल्या आणि गुण झाले पन्नास, तर हातात पाचशे. तेच पन्नास नऊ गोळ्यांत मिळवले तर साडेचारशेच. म्हणजे एक गोळी हुकली की तिचे गुण जातात ते जातातच, वर बाकीच्या नऊ गोळ्यांची कमाईही घटते. मला विचाराल तर नियम करणारा माणूस सावकारी पेढीवरचा असावा.

आता दोनशे मीटर म्हणजे किती दूर, ते गोळीलाच विचारू. त्या काळी ग्रीक सैन्याकडे फ्रेंच बनावटीची ग्रा नावाची रायफल होती, तीच धरून हिशेब करू. गोळी शिशाची, पंचवीस ग्रॅम वजनाची. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला साधारण 450 मीटर. वाटेत हवा तिला अडवते, वेग उतरत जातो, आणि दोनशे मीटर जायला तिला सुमारे अर्धा सेकंद लागतो. आवाजाला तेवढ्याच वाटेला थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणून पाटीजवळच्या माणसाला आधी गोळी लागल्याचं कळतं आणि मग बार ऐकू येतो.

अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण पृथ्वी तेवढ्यातही आपलं काम करते. झाडावरून सुटलेला आंबा अर्ध्या सेकंदात जेवढा खाली येतो, जवळजवळ तेवढीच ती गोळीही खाली येते, सव्वा मीटरच्या आसपास. गोळी वेगाने धावते म्हणून तिला सूट नाही. त्यामुळे नळीचं तोंड किंचित वर ठेवावं लागतं. ती सोय बंदुकीवरच्या मागच्या खाचेची उंची बदलून करतात. शिवाय नळीच्या आत पिळाचे आटे असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरू लागते, सेकंदाला शेकडो गिरक्या. फिरता भोवरा जसा कलंडत नाही, तशी तीही वाटेत कोलांट्या घेत नाही.

इथवर बंदुकीचं झालं. पण खरी कमाल तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची.

मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा) आणि पाटीवरचा काळा गोल, तिन्ही एका रेषेत आणायचे. आणि आपला डोळा असा की एका वेळी तो एकाच अंतरावर नीट जुळतो. खोटं वाटतं? हात लांब करून पेन्सिलीच्या टोकाकडे बघा. टोक स्वच्छ दिसतंय ना? मग समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा पुसट झाल्या असतील. तारखा वाचायला गेलात की टोक पुसट. नेमबाज अशा वेळी माशी स्वच्छ ठेवतो आणि लक्ष्य धूसर राहू देतो. जे मारायचं तेच पुसट बघायचं! कारण माशी आणि खाच यांत पाऊण मीटरचं अंतर धरलं, तर माशी एक मिलिमीटर सरकली की दोनशे मीटरवर गोळी पाव मीटरहून जास्त भरकटते.

आणि हात तर स्थिर नसतोच. कोणाचाच नसतो. स्नायू सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतात. श्वासाबरोबर छाती वरखाली होते आणि तिच्याबरोबर बंदूकही. म्हणून श्वास सोडायचा, पुढचा घेण्याआधी जो क्षणभर विसावा असतो, त्यात हलकेच चाप ओढायचा. निष्णात नेमबाज तर हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधली फट साधतात. त्यात तेव्हाची काळी दारू! एक बार काढला की समोर पांढरा धूर. तो विरला की पुढचा नेम.

हे सगळं कारासेव्दासने चाळीस वेळा सांभाळलं. 8 आणि 9 एप्रिल असे दोन दिवस स्पर्धा चालली, आणि त्याच्या चाळीसच्या चाळीस गोळ्या पाटीवर लागल्या. बाकी कोणालाच ते जमलं नाही. त्याचे गुण झाले 2350. दुसरा आला पाव्लोस पाव्लिदिस, 38 गोळ्या आणि 1978 गुण. दोनच गोळ्यांचा फरक, पण जवळजवळ पावणेचारशे गुणांची दरी. सावकारी हिशेब म्हटलं होतं ना मी!

सुवर्णपदक तेव्हा नव्हतंच. पहिल्याला रुप्याचं पदक आणि ऑलिव्हची डहाळी मिळायची. तिसऱ्याच्या हाती तर काहीच नाही. निकोलाओस त्रिकुपिस 34 गोळ्या लावूनही तसाच घरी गेला. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये तिसऱ्या क्रमांकाचं कांस्य आणलं, ते 1896 च्या रिवाजात मिळालं नसतं.

कारासेव्दास पुढे बरंच जगला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि इटलीच्या फौजांनी ग्रीस व्यापला, तेव्हा साठी ओलांडलेला हा म्हातारा प्रतिकार चळवळीत उतरला. देश मोकळा झालेला त्याने पाहिला आणि 1946 च्या मार्चमध्ये तो गेला.