मद्रासी रुमालाचा मुलूख : सेंट लुशिया

कापडाच्या धंद्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. तरी आपल्याकडचा चौकड्यांचा रुमाल एका दूरच्या देशाच्या राष्ट्रीय पोशाखात जाऊन बसला आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. तो देश म्हणजे कॅरिबियन समुद्रातले सेंट लुशिया बेट, क्षेत्रफळ जेमतेम ६१७ चौरस किलोमीटर.

इंग्रज आणि फ्रेंच या बेटासाठी इतके भांडले की त्याचा ताबा चौदा वेळा बदलला, असे सांगतात. अखेर १८१४ च्या पॅरिस तहाने ते इंग्रजांकडे राहिले आणि २२ फेब्रुवारी १९७९ रोजी स्वतंत्र झाले. उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मजूर कमी पडले, तेव्हा १८५९ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेण्यात आले.

पण आपली माणसे पोहोचण्याआधी आपला माल तिकडे पोहोचला होता. युरोपी व्यापारी हिंदुस्थानी सुती कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देत आणि बदल्यात गुलाम घेत. आम्ही कापडवाल्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी. विकल्या गेलेल्या त्याच लोकांच्या लेकीबाळींनी पुढे मद्रासी रुमाल हौसेने डोक्याला बांधला. बांधताना त्याला टोके काढीत. किती टोके आहेत त्यावरून बाई लग्नाची आहे की नाही, हे पाहणाऱ्याला समजे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे क्रिओल दिवस असतो, तेव्हा लहानथोर सगळे याच कापडात दिसतात.

प्रवासी येतात ते मुख्यतः पिटन नावाचे दोन सुळके पाहायला. समुद्रातून सरळ वर उठलेले हे डोंगर सातशे मीटरहून उंच आहेत. २००४ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. जवळच सूफ्रिएर गावाशी गंधकाचे उकळते झरे आहेत. तिथल्या गरम चिखलात लोक अंग माखून घेतात! उत्तरेला पिजन आयलंडवर इंग्रजांचा जुना किल्ला आहे. फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटावर तिथून नजर ठेवीत.

राजधानी कॅस्ट्रीजच्या बाजारात प्रवाशांसाठी याच चौकडीच्या पिशव्या, टेबलक्लॉथ, बाहुल्यांचे कपडे मांडलेले असतात. माल हातमागाचा की छापील, हे आपल्या लोकांना सांगायला नको. सूत आधी रंगवून विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, छापील कापडाची उलटी बाजू फिकी पडते.