गोठणगावची तिबेटी वसाहत : गोम्पा आणि गाव यांचा संबंध

हिमालयातील बौद्ध खेड्याची ओळख बहुधा त्याच्या गोम्पावरून होते. स्पितीतील ताबो येथील विहार इ. स. ९९६ मध्ये गुगे राज्याच्या आश्रयाने स्थापन झाला. पाऊस अत्यल्प असल्यामुळे मातीच्या भिंतींची ती वास्तू हजार वर्षे टिकली. सण, संस्कार व मृत्यूनंतरचे विधी यांसाठी गाव अशाच विहाराकडे वळते. परंतु विहार मागे राहिला आणि माणसे तेवढी बाहेर पडली, तर गाव उरते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्याच जिल्ह्यातील एका वसाहतीच्या आधारे केला आहे.

चिचगडच्या शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. परिसरात ती ‘तिबेटी कॅम्प’ म्हणूनच ओळखली जाते. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यानंतर देशात ठिकठिकाणी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही १९७२ ची. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये निर्माण झाला; त्यापूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात असल्याने तिबेटी कागदपत्रांत ‘भंडारा’ हेच नाव रूढ झाले.

जव पिकविणाऱ्या, थंड व कोरड्या पठारावरील समाजाला येथे धानाची शेती आणि विदर्भाचा उन्हाळा स्वीकारावा लागला. हिवाळ्यात अनेक कुटुंबे शहरांत स्वेटर विकण्यास जातात. साहजिकच त्या दिवसांत वसाहत ओस पडते आणि लोसर या नववर्षाच्या सुमारास पुन्हा भरते. येथील गोम्पा प्राचीन नाही. प्राचीन आहे ती त्यातील पाठपरंपरा : कांग्यूर हा बुद्धवचनांचा शंभराहून अधिक खंडांचा तिबेटी संग्रह, आणि गुरूकडून शिष्याकडे येणारी दीक्षा.

येथे एक भेद नोंदविणे आवश्यक वाटते. भोवतालच्या गावांतील बौद्ध समाज १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेचा वारसदार आहे. त्याच्या विहारात पाली त्रिशरण म्हटले जाते व बुद्धमूर्तीशेजारी डॉ. आंबेडकरांची प्रतिमा असते. गोम्पात मात्र वज्रयानी विधी तिबेटी भाषेत चालतात. दोन्ही समाज बौद्ध असल्याने ते एकरूप असतील, हे गृहीत वरवरचे आहे.

वसाहतीपुढील खरी अडचण मात्र निराळी आहे. तिबेटी वसाहतींची जमीन मालकीची नाही. २०१४ च्या केंद्रीय पुनर्वसन धोरणातही भाडेपट्ट्याचीच तरतूद आहे. शिक्षण व नोकरीसाठी तरुण महानगरांत आणि परदेशी जात आहेत. दैनंदिन पाठ वृद्धांच्या मुखी राहतो, आणि नवे भिक्षू घडविण्यासाठी मुलांना कर्नाटकातील मोठ्या विहारांकडे पाठवावे लागते.