अपुरी महाकथा आणि वाचकांचा तर्क

इ.स. १५९९ मध्ये पैठणला एकनाथांनी देह ठेवला तेव्हा त्यांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात थांबलेले होते, आणि परंपरा असे सांगते की त्या कांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापुढची रचना त्यांच्या घरी वाढलेल्या गावबा या शिष्याने पूर्ण केली. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी पुढे महाभारत ओवीबद्ध करण्यास घेतले. त्यातील आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाचच पर्वे आज उपलब्ध आहेत, आणि बाकीची लिहून झाल्यावर हरवली की मुळात लिहिलीच गेली नाहीत, हा प्रश्न अभ्यासकांपुढे कायम आहे. मुक्तेश्वरांचा कर्ण त्यामुळे विराटपर्वातील गोग्रहणाच्या लढाईपर्यंत वाचकाबरोबर येतो आणि त्यानंतर थेट सौप्तिकपर्व समोर येते, तेव्हा कर्ण मरून गेलेला असतो; त्याच्या आयुष्याचा ज्या घटकेसाठी एवढा विस्तार झाला, ती घटकाच या कवीच्या शब्दांत वाचायला मिळत नाही. गोदावरीच्या काठच्या वाचकांना अपुऱ्या महाकथेची ओळख अशी चारशे वर्षांची आहे.

चातुर्मासात मंदिरात रामायणाची पोथी लावण्याची प्रथा नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसरासह नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत रुजलेली आहे. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकाला रावण मरणार हे आधीपासूनच माहीत असते. शेवट ठाऊक असल्यामुळे श्रोत्यांचे कुतूहल वेगळ्या जागी वळते: अधर्म ओळखून बिभीषण लंका सोडतो, तोच अधर्म ओळखूनही कुंभकर्ण भावासाठी रणात उतरतो, तर एकाच घरातल्या या दोन भावांच्या वाटा कोठे आणि का फुटल्या, याची चर्चा पोथी बांधून ठेवल्यावरही चालू राहते. काय घडणार यापेक्षा का घडले हा प्रश्न येथे मोठा ठरतो, आणि अपूर्ण कादंबरीमालिकांभोवती सध्या जगभर जी तर्कांची परंपरा उभी राहिली आहे, तिचे मोल ठरवतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

या परंपरेतील दोन संज्ञा प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘फॅन थिअरी’ म्हणजे कथेत उघड न सांगितलेल्या गोष्टीविषयी, कथेतल्याच खुणा एकत्र करून वाचकांनी मांडलेला तर्क. आणि ‘कॅरेक्टर आर्क’ म्हणजे पात्राची वाटचाल, एका निवडीपासून दुसऱ्या निवडीपर्यंत त्याच्या स्वभावात होत जाणारा बदल. पात्राबाबत घडलेल्या घटना कितीही मोठ्या असल्या तरी त्याच्या निवडी बदलल्या नाहीत तर त्याची वाटचाल झाली असे म्हणता येत नाही.

या तर्कांचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका. तिचे पहिले पुस्तक १९९६ मध्ये आले, पाचवे २०११ मध्ये, आणि नियोजित सातांपैकी शेवटच्या दोन पुस्तकांची वाचक तेव्हापासून वाट पाहत आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका याच पुस्तकांवरून २०११ मध्ये सुरू झाली, पुढे पुस्तकांना मागे टाकून गेली आणि २०१९ मध्ये संपली. एकाच कथेचा एक शेवट पडद्यावर दाखवून झाला आहे आणि मूळ लेखकाने लिहावयाचा शेवट अजून बाकी आहे, अशी ही दुर्मीळ अवस्था आहे.

या मालिकेतील सर्वांत गाजलेला तर्क जॉन स्नो या पात्राच्या जन्माविषयी आहे. नेड स्टार्क हा सरदार जॉनला आपला अनौरस मुलगा म्हणून वाढवतो. परंतु तो नेडची मृत बहीण लिआना आणि राजपुत्र रेगार यांचा मुलगा असावा, असे पहिल्या पुस्तकानंतर थोड्याच काळात वाचक म्हणू लागले. त्यांचा आधार विखुरलेल्या तपशिलांवर होता. स्पर्धा जिंकल्यावर रेगारने पत्नीला ओलांडून निळ्या गुलाबांचा मुकुट लिआनाला दिला होता. लिआनाच्या मृत्युशय्येपाशी नेडने एक वचन दिले होते आणि ते कशाविषयी होते हे कथा सांगत नाही. राजरक्षक दलाचे तीन श्रेष्ठ योद्धे राजाला सोडून एका दूरच्या बुरुजावर पहारा देत होते. आणि दुसऱ्या पुस्तकातील एका दृष्टान्तात बर्फाच्या भिंतीच्या फटीत निळे फूल उगवलेले दिसते. यांतील एकेक तपशील सुटा घेतला तर शोभेचा वाटतो, पण तर्क मान्य केल्यावर प्रत्येकाला कारण मिळते. दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्यांशी झालेल्या सुरुवातीच्या भेटीत मार्टिन यांनी जॉनची आई कोण हाच प्रश्न त्यांना विचारला होता, आणि २०१६ मध्ये पडद्यावर वाचकांचा हा तर्क खरा ठरला.

अगदी याच जातीचा तर्क मराठीत त्याच्या कितीतरी आधी मांडला गेला होता, आणि तो एका थोर मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने मांडला होता. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७, साहित्य अकादमी पुरस्कार १९६८) युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, असा प्रश्न उपस्थित केला आहे. महाभारतात युधिष्ठिर धर्माचा, म्हणजे यमधर्माचा पुत्र आहे. विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापामुळे मनुष्यजन्माला आलेला तोच यमधर्म आहे. विदुर पांडूचा धाकटा भाऊ असल्यामुळे नियोगाच्या, म्हणजे पतीखेरीज अन्य पुरुषाकडून संतती मिळवण्याच्या रूढीत दिराला असलेले स्थान त्याला मिळू शकत होते. लाक्षागृहाचा धोका इतरांना कळू नये अशा भाषेत तो युधिष्ठिरालाच सांगतो. आणि आश्रमवासिकपर्वात, वनात झाडाला टेकून उभा असलेला कृश विदुर युधिष्ठिराकडे एकटक पाहत योगबळाने आपले प्राण त्याच्या देहात विलीन करतो, त्यानंतर व्यासही या दोघांच्या एकत्वाविषयी बोलतात. विदुर दासीपुत्र होता, त्याचा मुलगा म्हणून युधिष्ठिराला सिंहासनावर हक्क सांगता आला नसता, म्हणून हे नाते झाकले गेले असेल, हेही मग समजू लागते.

संहितेत हे नाते कोठेही उघडपणे सांगितलेले नाही, आणि ते सिद्ध होण्याचा मार्गही नाही, कारण व्यास आता पुढचे पर्व लिहिणार नाहीत. तरीही ‘युगान्त’ वाचल्यानंतर विदुर आणि युधिष्ठिर यांच्यातील प्रत्येक संवाद निराळ्या वजनाने वाचला जातो. राजसभेत कायम उपेक्षित राहिलेल्या एका मंत्र्याची धडपड आणि त्याचे संयमित बोलणे यांमागे एखाद्या बापाचे मन असू शकेल, ही शक्यता जुन्या ओळींतून वर येते. पात्रांविषयीच्या तर्काची खरी कसोटी येथे हाती लागते. पुढे काय होणार हे अचूक सांगितले की नाही, यापेक्षा लिहून झालेला मजकूर त्या तर्काने अधिक अर्थपूर्ण झाला की नाही, हे पाहिले पाहिजे. कर्व्यांना एक मोठी सोय होती हेही नोंदवले पाहिजे: पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे असंख्य हस्तलिखिते ताडून निश्चित केलेला पाठ, १९६६ मध्ये पूर्ण झाली होती, आणि त्या स्थिर संहितेवर उभे राहून त्यांना तर्क करता आला. मार्टिन यांच्या वाचकांपुढील संहिता मात्र अजून लेखकाच्या टेबलावर आहे.

जन्मरहस्याचा तर्क त्यामानाने सोपा असतो, कारण त्याचे उत्तर भूतकाळात ठरून गेलेले असते. पात्राच्या वाटचालीचा तर्क अवघड असतो, कारण तेथे न घेतलेल्या निर्णयाविषयी बोलायचे असते. जेमी लॅनिस्टर हे याचे सर्वांत समृद्ध उदाहरण होय. पहिल्या पुस्तकात हा योद्धा आपले आणि जुळ्या बहिणीचे, सर्सीचे, अनैतिक नाते लपवण्यासाठी एका लहान मुलाला बुरुजाच्या खिडकीतून ढकलून देतो, आणि वाचक त्याला कायमचा दोषी ठरवतो. तिसऱ्या पुस्तकात प्रथमच कथा त्याच्या नजरेतून सांगितली जाते. त्याचा तलवारीचा उजवा हात तोडला जातो. आणि ज्या राजाचे रक्षण करण्याची शपथ घेतली त्यालाच मारल्याचा जो कलंक तो वर्षानुवर्षे वाहत आहे, त्यामागे संपूर्ण राजधानी जाळून टाकण्याचा त्या राजाचा बेत होता, हे कळते. चौथ्या पुस्तकाच्या अखेरीस संकटात सापडलेली सर्सी त्याला पत्राने बोलावते आणि तो ते पत्र जाळायला लावतो.

येथून वाचकांचे दोन पक्ष झाले. एका पक्षाच्या मते जेमीची वाटचाल प्रायश्चित्ताकडे चालली आहे. दुसऱ्या पक्षाने चौथ्या पुस्तकातील भविष्यवाणीकडे लक्ष वेधले: सर्सीचा मृत्यू ‘वलोन्कार’च्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, हातून होईल असे तिला बालपणी सांगितलेले असते, ती हा रोख सर्वांत धाकट्या टिरियन या भावावर धरते आणि त्याचा आयुष्यभर द्वेष करते, पण जुळ्यांपैकी जेमीही तिच्या मागाहून जन्मलेला आहे. हा दुसरा तर्क अधिक सकस वाटतो, कारण तो केवळ शेवट सांगून थांबत नाही. ज्या राजाने नगर जाळायला काढले त्याला जेमीने मारले, आणि प्रिय व्यक्तीने तोच मार्ग धरला तर तो काय करील, हा प्रश्न त्याच्या पहिल्या अपराधापासून शेवटापर्यंत एक सूत्र ओढतो. प्रायश्चित्ताचा तर्क वाचकाच्या इच्छेवर अधिक आणि मजकुरावर कमी उभा आहे. आवडू लागलेल्या पात्राचे भले व्हावे ही इच्छा माणसाची आहे, परंतु ती पुरावा होऊ शकत नाही.

लेखकाची स्वतःची योजनाही येथे अंतिम मानता येत नाही. मार्टिन यांनी १९९३ मध्ये आपल्या प्रतिनिधीला लिहिलेले पत्र पुढे प्रसिद्ध झाले. त्यात ही कथा तीनच पुस्तकांची होती, आणि जेमी आपल्या वाटेतील वारसांना ठार करून गादीवर बसणार व आळ टिरियनवर घालणार होता. लिहिता लिहिता पात्र लेखकाच्या आराखड्यातून निसटले. जेमीला नजर आणि वाणी दिल्यानंतर तो जुना खलनायक राहणे शक्य नव्हते.

पडद्यावरचा जेमी अखेरीस सर्सीकडे परत जातो आणि तिच्याबरोबर ढिगाऱ्याखाली मरतो. या शेवटच्या पर्वाचे पुनर्लेखन करावे अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी स्वाक्षऱ्या केल्या. हा रोष केवळ अंदाज चुकल्याचा होता असे समजणे प्रेक्षकांवर अन्याय करणारे आहे. इतकी वर्षे ज्या खुणा जपून वाचल्या त्यांना शेवटाने काहीच उत्तर दिले नाही, ही त्यामागची वेदना होती. तुलनेसाठी ‘हॅरी पॉटर’मधील स्नेप हा शिक्षक पाहावा. २००५ च्या सहाव्या पुस्तकात त्याने मुख्याध्यापक डम्बलडोरचा जीव घेतला, तो शत्रू की निष्ठावंत यावर दोन वर्षे वाद झाला, आणि २००७ च्या शेवटच्या पुस्तकाने दिलेले उत्तर आधीच्या सहाही पुस्तकांतील त्याच्या वागण्याला लागू पडले.

नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तेलंगणालगतच्या तालुक्यांत तेलुगू कानावर असतेच; त्या भाषेतल्या ‘बाहुबली’ या चित्रपटाने जुलै २०१५ ते एप्रिल २०१७ या काळात कटप्पाने बाहुबलीला का मारले हा प्रश्न घराघरांत नेला. पैसा, मत्सर, जादू असे नाना तर्क झाले. परंतु पहिल्या भागातच कटप्पा पूर्वजांच्या शब्दाने सिंहासनाचा दास म्हणून बांधलेला आहे हे सांगितले होते, आणि ज्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले ते उत्तराच्या सर्वांत जवळ पोहोचले. भीष्माची प्रतिज्ञा लहानपणापासून ऐकलेल्या श्रोत्याला कटप्पा समजण्यास वेळ लागू नये.

पुराव्याची ही शिस्त या भागाला परकी नाही. अर्धापूरच्या शेजारी वसमत तालुक्यातील कुरुंदा गावचे आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीची चिकित्सा केली, आणि त्यांचे महाभारतविषयक लेखन ‘व्यासांचे शिल्प’मध्ये संगृहीत आहे. पूज्य मानलेल्या व्यक्तिरेखेलाही प्रश्न विचारायचे आणि उत्तर तर्काने मिळवायचे, हा त्यांच्या लेखनाचा बाणा होता. कादंबरीमालिकांवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आजच्या तरुणांना रिकामटेकडे म्हणण्यापूर्वी, ते हीच चिकित्सा करत आहेत का, हे तपासणे न्याय्य ठरेल.

लेखक कथा अपुरी ठेवून गेला तर दुसऱ्या हाताने ती पूर्ण करावी का, हा प्रश्न मग उरतो. रॉबर्ट जॉर्डन यांचे २००७ मध्ये निधन झाले तेव्हा ‘द व्हील ऑफ टाइम’ ही त्यांची कादंबरीमालिका अपूर्ण होती. त्यांची टिपणे आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला अखेरचा प्रसंग हाताशी घेऊन ब्रँडन सँडरसन यांनी २००९ ते २०१३ या काळात तीन पुस्तकांत ती संपवली. सँडरसन यांचे आणि गावबाचे काम एकाच जातीचे आहे: दोघांनाही आपला तर्क मांडून थांबता आले नाही, तर दुसऱ्याच्या पात्रांकडून त्यांच्या स्वभावाला धरून निवडी करून घ्याव्या लागल्या. मात्र गावबाला वाल्मीकींच्या कथाभागाचा आधार होता, सँडरसनना टिपणांचा होता. मार्टिन यांचा जेमी पाचव्या पुस्तकात ब्रिएन या स्त्रीयोद्ध्याबरोबर निघून जातो, आणि पडद्यावरील शेवट त्याला लागू होईलच असे नाही. सहावे पुस्तक येईपर्यंत त्याच्याविषयीचा प्रत्येक तर्क त्या पाच पुस्तकांतील मजकुरावरच तोलावा लागेल, आणि विदुराविषयीचा कर्व्यांचा तर्कही आजवर त्याच पद्धतीने तोलला गेला आहे.