‘टाटा’हून घरी आल्यावर

आपल्याकडे कोणी ‘अमक्याला टाटाला नेलं’ असे म्हटले, की पुढचे विचारावे लागत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, आणि आज खान्देशातल्या खेड्यांत आजाराचे नाव घेण्याऐवजी त्या दवाखान्याचेच नाव घेतात. आता नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथेही कॅन्सरवर उपचार होतात. पण केमोची सुई मुंबईला घ्या नाहीतर नाशिकला, माणूस एक-दोन दिवसांत गावी परततो. दवाखान्यात काही तास जातात, पुढचे वीस दिवस घरच्यांनी काढायचे असतात. त्या वीस दिवसांविषयी हे चार शब्द.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे काम बांधावर फिरण्याचे. बोंडअळीची बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, की कोणीतरी बाजूला घेते आणि दबक्या आवाजात बोलते. उपचार अर्धवट सोडलेली घरे अशीच कळली. कारण विचारले तर प्रत्येक वेळी पैसा हेच उत्तर नव्हते. ‘भाऊ, तिले सोसत नही’ हेही होते. उलट्या, तोंड आलेले, केस गेलेले, अंगात त्राण नाही. घरच्यांना वाटते, औषधच बाईला खाऊन टाकते आहे. मग तिसऱ्या डोसची तारीख वेचणीत येते आणि राहून जाते. खरे पाहता बहुतेक त्रासांवर आज औषध आहे, उपाय आहे. सोसत नसेल तर डॉक्टर डोस कमी करतात, आठवडाभर पुढे ढकलतात, औषध बदलतात. पण ते त्यांना सांगितले तर! परस्पर सोडून दिले तर ते काय करणार?

औषध असे का त्रास देते, हे शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. मका-ज्वारीत टू-फोर-डी मारताना वारा सुटला आणि शेजारच्या कपाशीवर गेले, की तिची पाने पंजासारखी होतात. औषध कपाशीसाठी नव्हतेच, पण तिलाही झळ लागली. झळ थोडी असेल तर कपाशी पुन्हा पालवते. केमोचे तसेच आहे. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ते घाव घालते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजात तयार होणारे रक्त हेही भराभर वाढणारेच. म्हणून केस, तोंड, पोट आणि रक्त या चार ठिकाणी त्रास दिसतो. आणि म्हणूनच उपचार संपल्यावर बहुतेक त्रास जातो. केसही पुन्हा येतात. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत ते गळू लागतात, तेव्हा आधीच बारीक कापून घेतलेले बरे. उशीवर झुपके पाहण्याचा धसका टळतो. सोनाली बेंद्रेंनी २०१८ साली न्यूयॉर्कला उपचार चालू असताना केस कापल्याचे फोटो स्वतः लोकांसमोर ठेवले होते. डोक्याला रुमाल बांधून चारचौघांत बसण्यात लाज कसली?

उलटीची गोळी उलटी होण्याआधी

पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. येथे एक चूक घरोघर होते. ‘आज बरं वाटतंय, कशाला उगाच गोळ्या’ म्हणून चिठ्ठीतली उलटीची गोळी ठेवून देतात आणि उलट्या सुरू झाल्या की शोधाशोध करतात. सुरू झालेली उलटी थांबवणे अवघड, न होऊ देणे सोपे. तुडतुडे दिसले की मग पंप शोधणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. ज्या दिवशी, ज्या वेळेला गोळी लिहिली आहे त्या वेळेला ती घ्यावी.

ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधे आल्यापासून उलट्यांचा जोर पुष्कळ कमी झाला. आता त्यांच्या जोडीला ओलान्झापिनही देतात. ही गोळी मूळची मानसिक आजारावरची. त्यामुळे दुकानदाराने काही सांगितले किंवा मुलाने मोबाइलवर वाचले की घरात घबराट होते. तसे काही नाही, उलटीवर ती फार चांगली चालते. तिची अडचण म्हणजे गुंगी. माणूस दिवसभर झोपेत राहतो. यावर टाटा रुग्णालयातच अभ्यास झाला आणि तो २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी कमी येते, असे त्यात दिसले. आपल्या पेशंटला फार झोप येत असेल तर डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘साहेब, ही गोळी कमी ताकदीची चालेल का?’ मात्र घरी गोळी मोडून अर्धी-पाव करत बसू नका.

खाण्याचे म्हणाल तर फोडणीचा वास हा मोठा शत्रू. आपल्या खान्देशी घरात ठेचा परतला की गल्लीला ठसका लागतो, तेथे मळमळणाऱ्या माणसाचे काय? पेशंटला चुलीपासून, गॅसपासून लांब, उघड्या हवेत बसवावे. गरम वाफाळते अन्न देण्यापेक्षा कोमट झालेले द्यावे, त्याला वास कमी येतो. दोन वेळा ताट भरून देण्यापेक्षा दर दोन तासांनी चार घास द्यावेत. मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, पूर्ण उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा कूट, जे जाईल ते. ‘तोंडले चवच नही ऱ्हायनी’ ही तक्रार खरी असते, नखरे नव्हेत. काही औषधांनी तोंडाला लोखंडासारखी चव येते. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून प्लास्टिकचा किंवा लाकडी घेतला तर फरक पडतो. तोंड आलेले नसेल तर लिंबाची फोड चाटायला द्यावी.

आणि केळी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी आपण दिल्लीला पाठवतो आणि घरच्या आजाऱ्याला शहरातून सफरचंद आणतो! उलट्या-जुलाबांत अंगातले पोटॅशियम जाते, ते केळ्यातून मिळते, शिवाय ते चावावेही लागत नाही. फक्त सोलण्याआधी साल धुवावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारावे.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सिस्प्लॅटिन चालू असणाऱ्याने तर डॉक्टर सांगतील तेवढे पाणी प्यायलेच पाहिजे, कारण ते औषध मूत्रपिंडाला जड जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात हे दुप्पट ध्यानात ठेवावे.

तोंड आले असेल तेव्हा मिरची, मसाला, कडक भाकरीचा पापुद्रा बंद. तंबाखू आणि मिसरी तर कायमचीच बंद. काही बायाबापड्या तोंड आले म्हणून मिसरी लावतात, याला काय म्हणावे! ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा. काही औषधांच्या वेळी बर्फ चघळायला देतात, त्याने तोंड कमी येते. पण ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर उलट आहे. गार पाणी, फ्रिज, बर्फ यांनी हातापायांत आणि घशात कळा येतात. म्हणून शेजारणीला चालले ते आपल्याला चालेलच असे नाही. आपल्या औषधाचे नाव पाठ असावे. डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल असते, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, घाबरू नये.

ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. शेताला राखणदार नाही, अशी ती अवस्था. त्या दिवसांत साधा जंतूही जिवावर बेततो. घरात थर्मामीटर पाहिजेच, हाताने कपाळ पाहून भागत नाही. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्यापुढे ताप दिसला, किंवा हुडहुडी भरली, तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात निघावे. रात्रीचे दोन वाजले असले तरी. १०८ ला फोन करा, धुळे गाठा, जळगाव गाठा, पण निघा. परस्पर क्रोसिन देऊन ताप दाबू नये. गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून ‘उद्या पाहू’ म्हणू नये. पोहोचताच फाइल पुढे करून पहिले वाक्य हेच बोलावे : ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला सुई झाली, ताप आहे.’ हे वाक्य कानावर गेले की रक्त तपासून अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, आणि तेथे एकेक तास मोलाचा असतो. अंगदुखीसाठी ब्रुफेन, ॲस्पिरिनसारखी गोळी किंवा कुल्ल्यावर इंजेक्शनही विचारल्याशिवाय नको. प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबत नाही.

आता आमच्या खात्यातले थोडे. याच दिवसांत पेशंटने गोठ्यात शेण काढायला जाऊ नये. बुरशी आलेला कडबा हलवू नये, कुट्टीची आणि धान्याच्या कोठीतली धूळ टाळावी, कारण त्या बुरशीचे कण छातीत बसतात. अनवाणी शेतात जाऊ नये. फवारणी चालू असलेल्या वावराकडे तर फिरकूही नये. धारोष्ण दूध आपल्याकडे औषध मानतात, पण या काळात ते न उकळता देऊ नये. कच्च्या मेथीची भाजी, कापून ठेवलेली काकडी, हातगाडीवरचा रस नको. याचा अर्थ खाटेवर पडून राहावे असा नाही. सकाळी बांधापर्यंत चालून यावे. थकवा झोपून जात नाही, थोडे चालून कमी होतो.

डोसनंतर साधारण दोन दिवस औषधाचा अंश लघवी, शौच, उलटी यांतून बाहेर पडतो. ते साफ करणाऱ्या सुनेने किंवा लेकीने रबरी हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत, संडासात दोनदा पाणी टाकावे. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नये. पेशंटला शिवल्याने मात्र काही होत नाही. ताट-वाटी वेगळी करून म्हाताऱ्याला ओसरीवर टाकणे हा अडाणीपणा आहे.

जडीबुटीवाल्यांबद्दल बोललेच पाहिजे. दारातल्या सदाफुलीचीच गोष्ट घ्या. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे मधुमेहावर काही गुण सापडतो का म्हणून तिचा अर्क तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती लागले, पुढे व्हिन्क्रिस्टिन. आजही ही औषधे सुईतून देतात. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातल्या द्रव्यापासूनही कॅन्सरची औषधे करतात. म्हणजे वनस्पतीत ताकद नाही असे कोणी म्हणत नाही. पण दवाखान्यात ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, आणि तुम्ही मूठभर पाला वाटून पाजणार. आधीच पेशी उतरलेल्या माणसाला सदाफुलीचा काढा कशाला? कोणताही काढा, पुडी, गोमूत्र द्यायचे मनात आले तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. रागावतील, रागावू द्या.

पैशाचे थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठावे. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून दवाखान्याच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आधी घ्यावी. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे मूळ भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्याचा ठरावीक फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह आणावा लागतो. पुढच्या डोसची तारीख मिळाली की त्याच खिडकीवर तो मागून घ्यावा आणि अमळनेर स्टेशनावर जाऊन तिकीट काढून टाकावे. वेचणीला मजूर मिळो न मिळो, तिकीट हातात असले की माणूस गाडीत बसतो.