‘जिज्ञासा’, ‘कुतूहल’ व ‘उत्सुकता’ : शब्दसाहचर्याचा एक विचार

‘निकालाची जिज्ञासा लागून राहिली आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही ते ऐकताच मराठीभाषक थबकतो. तेथे ‘उत्सुकता’ हवी, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. शब्दाचा काही अर्थ तो ज्या शब्दांच्या नित्य संगतीत वावरतो त्यांतच असतो, हा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ ह्यांनी १९५१ मध्ये पारिभाषिक स्वरूपात मांडला. समानार्थक मानल्या जाणाऱ्या ह्या तीन मराठी नामांना तो चांगला लागू पडतो.

‘जिज्ञासा’ हे ‘ज्ञा’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झालेले नाम होय. ‘पिपासा’ व ‘बुभुक्षा’ ही त्याची भावंडे. पूर्वमीमांसासूत्रे व ब्रह्मसूत्रे ह्या दोहोंच्या पहिल्याच सूत्रात हा शब्द येतो. तेथे त्याचे विषय अनुक्रमे धर्म व ब्रह्म हे आहेत. हे वजन मराठीतही टिकले आहे. जिज्ञासा ‘जागृत होते’, ‘तृप्त होते’. तिची विशेषणे ‘बौद्धिक’, ‘शास्त्रीय’ अशी. ‘तृप्त होणे’ ह्या क्रियापदात तहानभुकेशी असलेले जुने नाते अद्याप दिसते. गंमत अशी, की भूक, तहान, ओढ, हुरहूर ह्या सर्वांना चालणारे ‘लागणे’ मात्र जिज्ञासेने स्वीकारले नाही.

ते स्वीकारले उत्सुकतेने. उत्सुकता ‘लागते’, ‘ताणली जाते’, ‘शिगेला पोहोचते’. ह्या साऱ्या क्रियापदांत प्रतीक्षेचा काळ गृहीत आहे. निकाल लागला, पाहुणा आला, की ती ‘संपते’. तिच्या तृप्तीची भाषा सहसा कोणी करीत नाही.

‘कुतूहल’ ह्याहून हलके. ते ‘वाटते’, ‘चाळवते’, ‘शमते’. त्याला पुढे घडणाऱ्या गोष्टीची गरज नाही. समोरचे यंत्र वा अनोळखी पक्षी पुरतो. म्हणूनच ते ‘बालसुलभ’ असते. ‘बालसुलभ जिज्ञासा’ असे कोणी लिहितो तेव्हा तो बालकाला थोडी बढतीच देत असतो.

‘चौकशी’ ही भावना नव्हे, कृती. ती ‘करावी’ लागते. परंतु तिचे अनेकवचन पाहण्याजोगे आहे. ‘प्रकृतीची चौकशी’ हा शिष्टाचार, तर ‘नसत्या चौकशा’ हा आगाऊपणा. तीच पायरी आणखी उतरली की ‘भोचकपणा’ येतो.

इंग्रजीतील ‘क्युरिऑसिटी’ हे एकच नाम संदर्भानुसार जिज्ञासा, कुतूहल व भोचकपणा ह्या तिन्ही ठिकाणी वापरले जाते. अनुवादकाने कोशातील पहिला प्रतिशब्द उचलला, तर शेजाऱ्याच्या पत्रात डोकावणारा मनुष्य मराठीत जिज्ञासू ठरतो आणि लेखकाचा उपरोध, तो असल्यास, अनुवादकाच्या माथी बसतो. कोशाने अशा नामापुढे केवळ पर्याय न देता त्याची दोन-तीन नित्य क्रियापदे नोंदविली, तर ही चूक बव्हंशी टळेल. त्यासाठी जागाही फार लागणार नाही. ‘उत्सुकता’ ह्या नोंदीत ‘लागणे’ व ‘शिगेला पोहोचणे’ एवढे दिले तरी पुरे.